हा दंड कोण भरणार?

लोकांना वाटतं, सॉफ्टवेअर पंजाबीत आणायला पंजाबी येणारा माणूस लागतो. तो आहे. लुधियान्यात बसतो आणि झकास अनुवाद करतो. त्याने लिहिलेलं पडद्यावर दिसतंय की नाही, हे बघायला पुण्यात मी बसतो. मला पंजाबी बोलता येत नाही. पण टिप्पी आणि अद्दक या अक्षरांच्या डोक्यावरच्या चिन्हांपैकी कुणाचं डोकं बटणाच्या वरच्या कडेला छाटलं गेलंय, हे मी लांबून सांगतो.

तक्रार येते ती 'पंजाबी मेनू बिघडलाय' एवढीच. सोबत पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो. मी लुधियान्याला फोन लावतो. "सर जी, मेरे यहाँ तो एकदम सही दिख रहा है." माझ्याकडेही सहीच दिसत असतं. ज्याच्याकडे दिसत नाही त्याला गुरुमुखी, म्हणजे पंजाबीची लिपी, वाचता येत नाही, त्यामुळे नेमकं काय बिघडलंय ते तो सांगू शकत नाही.

बिघडलेलं असतं ते असं. एखाद्या फॉन्टमध्ये अक्षर नसलं, किंवा तो फॉन्टच यंत्रावर नसला, की संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट उभा करतो. शाळेतल्या बदली मास्तरांसारखं: तास रिकामा जात नाही, पण भूगोलाला पीटीचे सर येतात. आमच्या ग्राहकाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी फार पूर्वी 'रावी' या फॉन्टचं नाव ठोकून ठेवलं होतं. विंडोज एक्सपीच्या काळात ते योग्यच होतं. पुढे विंडोज 8 मध्ये 'निर्मला' आली आणि विंडोज 10 मध्ये रावी ऐच्छिक झाली. हवी तर वेगळी उतरवून घ्या. लिनक्सवाल्यांकडे 'लोहित' किंवा 'नोटो'. प्रत्येकाची उंची निराळी, बटणाची मात्र एकच. मग वरच्या मात्रा छाटल्या जातात, नाहीतर खालचे उकार गायब होतात. आणि कुणीच बदलीला आलं नाही, तर रिकामे चौकोन. धंद्यात त्यांना टोफू म्हणतात. निदान पंजाबीपुरतं तरी पनीर म्हणायला हवं होतं.

मदतीची पानं तर 'अनमोललिपी' या जुन्या फॉन्टमध्ये होती. त्यात रोमन अक्षरांनाच गुरुमुखीचे आकार दिलेले असतात. फॉन्ट बदलला की 'पंजाबी' या शब्दाच्या जागी पी, एम, जे, डब्ल्यू, बी, आय अशी अक्षरं ओळीने उभी. शिवाजी फॉन्टमधली लग्नपत्रिका ज्यांनी परक्या संगणकावर उघडली आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

पण हे सगळं निस्तरता येतं. मला छळलं ते पूर्णविरामाने, म्हणजे पंजाबी वाक्याच्या शेवटी येणाऱ्या उभ्या रेघेने, दंडाने. सगळी अक्षरं देखणी, मात्रा जागच्या जागी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक चौकोन! युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांकाचं घर देणाऱ्या यादीत, आपल्या लिप्या समांतर मांडल्या आहेत. देवनागरी 'क'पासून बरोब्बर 256 घरं पुढे गेलं की गुरुमुखी 'क' भेटतो. त्याच हिशोबाने दंडाच्या घरापाशी गेलो, तर घर रिकामं. नियम असा, की पंजाबीने दंड देवनागरीतला वापरायचा. आणि ग्राहकाने हौसेने निवडलेल्या नव्या गुरुमुखी फॉन्टमध्ये देवनागरीतलं काहीच नव्हतं, दंडसुद्धा नाही.

"मग टिंब द्या ना," ग्राहकाचा प्रोग्रामर म्हणाला. लुधियान्याने ठाम नकार दिला. मी मध्ये. आम्ही मराठी माणसांनी दंड ओवी-अभंगांपुरता ठेवून रोजच्या वाक्यांना केव्हाच टिंब देऊन टाकलं, आणि आता पंजाबीसाठी देवनागरी दंडाची वकिली मी करायची! बदली फॉन्टांच्या यादीत एक देवनागरी फॉन्ट घातला. दंड आला, पण शेजारच्या अक्षरांपेक्षा हातभर उंच, जाडजूड. प्रत्येक वाक्य जणू कुणी दरडावून थांबवलंय. शेवटी ज्याच्या पोटात स्वतःचा दंड आहे असा गुरुमुखी फॉन्ट सॉफ्टवेअरसोबतच पाठवायचं ठरलं. फॉन्टच्या वजनाने फाइल फुगली म्हणून वेगळी तक्रार आली, ती मी वाचली नाही.

ग्राहक खूश झाला. त्याची मेल आली: पंजाबी आता छान दिसतंय, पुढच्या खेपेला लाहोरच्या लोकांनाही देऊन टाकू, भाषा तीच असल्यामुळे काम काही नसेलच.

लाहोरकडे पंजाबी शाहमुखीत लिहितात. उजवीकडून डावीकडे, नस्तालीक वळणाने. मी आधी त्यांचा पूर्णविराम तेवढा बघून घेतला. आडवा आहे.