दुसऱ्या शाफ्टचा खर्च

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं असं, की कोळशाच्या खाणीत अपघात झाला की सरकार एक नियम वाढवतं, कोळसा महाग होतो आणि माणसं मरायची ती मरतातच. जीव वाचवले ते यंत्रांनी, कायद्याने नाही.

यातलं एक मला मान्य आहे. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामात साठलेलं पाणी घुसलं आणि ३७५ माणसं गेली. अशा पाण्याच्या जवळ जायचं तर परवानगी घ्या, पुढे भोकं पाडून अंदाज घ्या, हे १९५७ च्या नियमांत होतंच. नियम छापून माणूस वाचत नाही, हे खरं.

पण यंत्रांचं म्हणाल तर इंग्लंडमधली हार्टलीची खाण बघा. एकच शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर. त्यातच लाकडी पडदी घालून एका बाजूने हवा खाली, दुसरीकडून वर. १६ जानेवारी १८६२ ला पाणी उपसणाऱ्या इंजिनाची ओतीव लोखंडाची तुळई मोडली, अर्धी शाफ्टमध्ये कोसळली आणि वाट बंद झाली. २०४ माणसं आणि पोरं मेली. खालच्यांना दगडाने चिरडलं नव्हतं, विषारी हवेने मारलं. दुसरा शाफ्ट खणायची विद्या तेव्हा होती की! खर्च नको होता, एवढंच. त्याच वर्षी कायदा झाला: दोन वाटा हव्यातच. आपल्याकडच्या भूमिगत खाणींनाही आज दोन वाटा लागतात.

धंद्याचं गणित इथेच बदलतं, सर. कायदा नसताना दुसरा शाफ्ट खणणाऱ्या मालकाचा कोळसा महाग पडायचा, न खणणारा बाजार मारायचा. कायद्याने तो खर्च सगळ्यांच्याच माथी आला.

खुल्या खाणीत, म्हणजे वरची माती काढून उघड्यावर खणतात तिथे, हे प्रश्नच नाहीत, असंही तुम्ही लिहिलंत. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडच्या लालमटियाला खुल्याच खाणीत मातीचा ढिगारा घसरला, २३ कामगार गेले.

आणि खाणीतल्या तपासणीच्या नोंदींना तुम्ही 'वहीभरती' म्हणालात, तो शब्द मला लागला. माझे बाबा वणीकडच्या एका खाणीत मायनिंग सरदार, म्हणजे पाळीतल्या माणसांच्या सुरक्षेची तपासणी करणारे, होते. पाळी सुरू व्हायच्या आधी ते काठीने छत ठोकत पुढे जायचे. घट्ट दगड टणकन वाजतो, सुटलेला भद्द. भद्द वाजलं की तिथे आधी टेकू, मग माणूस. पाळी संपली की तेच वहीत लिहून खाली सही. ती सही कायद्याने मागितली होती, म्हणून घाई करणाऱ्या साहेबाला बाबा 'नाही' म्हणू शकत होते.