‘चांगल्या ट्रकची वाट लावलीत’ : हॉट रॉड बॉडीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकसाठी मी १९३२ च्या फोर्ड पिकअपची हॉट रॉड बॉडी बनवली; हॉट रॉड म्हणजे वेगासाठी कापून, हलकी करून बदललेली जुनी गाडी. त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि तुम्ही वर्षानुवर्षं आरसी गाड्या चालवता हे तिच्यातून कळतं. म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय संपवणं मला बरोबर वाटलं नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : ट्रॅक्ससच्या स्लॅशसारखा उड्या मारायला बनवलेला शॉर्ट कोर्स (मातीच्या ट्रॅकवर पळणारा) ट्रक घेऊन त्यावर स्टायरीनची (मॉडेलसाठी वापरतात त्या कडक प्लास्टिक शीटची) जड बॉडी चढवली, ती पहिल्याच उडीत फुटेल. ट्रक १/१० (खऱ्याच्या एक दशांश मापाचा) आणि केबिन त्या मानाने फार मोठी, म्हणजे प्रमाणच चुकलं. रंग राखाडी, चमक नाही, ज्वाळा नाहीत, त्यामुळे काम अर्धवट दिसतं. लेक्झनची (पातळ पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची) तयार बॉडी मिळत असताना हा खटाटोप दाखवून मी नवीन मुलांची दिशाभूल करतोय.

सुरुवात प्रमाणापासून करतो, कारण सगळ्या कामाचा पाया तोच आहे.

स्लॅशच्या खोक्यावर १/१० लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. खऱ्या शॉर्ट कोर्स रेसिंग ट्रकच्या हिशेबाने ते जवळपास बरोबर बसतं. पण मी बनवलाय तो १९३२ चा फोर्ड पिकअप. त्या वर्षीच्या फोर्डचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १०६ इंच, म्हणजे २,६९२ मिमी. याचा दहावा भाग २६९ मिमी. स्लॅशचा व्हीलबेस आहे ३३५ मिमी. १/१० ची केबिन बसवली असती तर पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत कुठेतरी ६६ मिमी लांबी उगाचच भरावी लागली असती. आता २,६९२ ला आठने भागा : ३३६.५ मिमी. स्लॅशच्या चॅसिसवर ३२ चा फोर्ड १/८ मध्ये दीड मिमीच्या फरकाने बसतो. टायरचंही तेच. स्लॅशचे टायर ११० मिमीच्या आसपास आहेत. हॉट रॉडवाले मागे लावायचे ते मोठे टायर साधारण ८०० मिमी व्यासाचे, १/८ ला १०० मिमी. १/१० धरलं तर हेच टायर डोळ्याला ट्रॅक्टरचे वाटले असते.

रुंदी मात्र जुळत नाही. ३२ च्या फोर्डच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ५६ इंच, १/८ ला १७८ मिमी. स्लॅश बाहेरून बाहेर २९६ मिमी रुंद आहे. हा फरक कुठल्याही बॉडीने झाकता येत नाही, आणि हॉट रॉडला मडगार्ड नसल्यामुळे तो उघडा पडतो. यावर मी केबिन फुगवली नाही. केबिनची रुंदी १/८ चीच ठेवली आणि टप खाली आणला. गाडी बुटकी झाली की रुंद चाकं तिला शोभतात, उंच गाडीला शोभत नाहीत. तुमच्या डोळ्याला जी मोठी केबिन वाटली ती १/१० च्या अपेक्षेने मोठी आहे. ३२ च्या फोर्डच्या रेखाटनाशेजारी तिचा बाजूने काढलेला फोटो ठेवून बघा, ही विनंती आहे.

टपाबद्दल तुम्ही विचारलंय की शीटपासूनच बनवायचं तर आधी पूर्ण उंचीची केबिन बनवून मग कापायची कशाला, सरळ कमी उंचीचीच का नाही आखली. हा मला तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात आवडलेला प्रश्न. किती कापायचं हे कागदावर कळत नाही. केबिन पूर्ण उंचीची उभी करून चॅसिसवर, टायरांच्या मध्ये ठेवली आणि गाडी जमिनीवर ठेवून डोळे तिच्या दरवाज्याच्या उंचीला नेले की मगच कळतं. खऱ्या गाडीत ४ इंच कापले तर आपल्याकडे १२.७ मिमी जातात. खिडकीच्या खांबांवर मास्किंग टेपच्या दोन रेघा गुण्याने काटकोनात मारायच्या, बारीक दातांच्या करवतीने आधी वरची रेघ कापायची, मग खालची, आणि टप खाली बसवून बघायचा. तो सरळ बसत नाही. केबिन वर निमुळती होत जाते, त्यामुळे वरून आलेला तुकडा खालच्या खांबांपेक्षा थोडा अरुंद असतो. ३२ च्या फोर्डची पुढची काच जवळपास उभी आहे, म्हणून पुढे फरक नखाएवढाच पडतो. मागच्या भिंतीकडे तो जास्त दिसतो. तिथे दोन मार्ग : खांब गरम पाण्यात मऊ करून आत झुकवायचे, किंवा टप मधोमध कापून त्यात पट्टी घालून तो रुंद करायचा. मी दुसरा घेतला, कारण झुकवलेल्या खांबात दरवाज्याची रेघ तिरकी होते आणि मग ती कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी लपत नाही. खऱ्या पत्र्यावर काम करणाऱ्यांनाही हीच अडचण येत होती आणि त्यांनीही टप असाच चिरून वाढवला. १९४९ च्या मर्क्युरीसारख्या गोल, तिरक्या काचांच्या गाडीचा टप कापणं याच्या कित्येक पट अवघड.

आता वजन आणि फुटणं. इथे आकडे बघू. पॉलिकार्बोनेटची घनता १.२, स्टायरीनची १.०५ च्या आसपास. हजार चौरस सेंटिमीटर बॉडी १ मिमी पॉलिकार्बोनेटची केली तर १२० ग्रॅम, दीड मिमी स्टायरीनची केली तर १५७ ग्रॅम. फरक ३७ ग्रॅमचा, आणि बॅटरीसकट ट्रक अडीच किलोच्या आसपास आहे. त्यातही शॉर्ट कोर्सची बॉडी चारही चाकं झाकते, माझ्या बॉडीला मडगार्ड नाहीत, म्हणजे एकूण पत्राच कमी. खरं महत्त्व वजन कुठे आहे याला आहे. म्हणून टप १ मिमीचा, दरवाज्यापासून खालचा भाग दीडचा, आणि लांबीचा थर टपावर जवळपास नाहीच.

फुटण्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. स्टायरीन ताणलं जात नाही, तडकतं. पॉलिकार्बोनेट वाकतं आणि परत येतं. म्हणूनच ही बॉडी घालून मी उड्या मारत नाही आणि मारा असं कुणाला सांगितलेलंही नाही. पण ‘ट्रकची वाट लावली’ हे मला अजिबात पटत नाही. आरसी गाडीची रचनाच अशी आहे की चार पिना काढल्या की बॉडी हातात येते. चॅसिसवर एकही नवीन भोक नाही, एकही मूळ भाग कापलेला नाही. फक्त चॅसिसवरचे बॉडी धरणारे खांब बदलले आणि जुने डबीत ठेवलेत. रविवारी उड्या मारायच्या तर मूळ बॉडी लावायची, चार पिना परत बसवायच्या आणि ट्रक पहिल्यासारखाच.

उड्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. शॉर्ट कोर्सच्या रुंद बॉडीखाली हवा भरते, उडीत नाक वर उचललं जातं आणि म्हणून लोक तिला मागे भोकं पाडतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मडगार्ड नसलेल्या अरुंद बॉडीखाली हवा अडायला जागाच राहत नाही. चाक पूर्ण वर आलं तरी घासायला काही नाही, त्यामुळे बॉडी चॅसिसवर कितीतरी खाली बसवता येते. पुढचा शॉक टॉवर (शॉक अब्सॉर्बर धरणारा उभा भाग) अ‍ॅक्सलच्या जवळपास डोक्यावर येतो आणि ३२ च्या फोर्डची समोरची जाळीही पुढच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास वरच असते. म्हणजे जाळी आणि बॉनेट टॉवरला आपोआप झाकतात. मागचा टॉवर हौद्यात लपतो. हे सगळं जमवून आणावं लागलं नाही, या गाडीचा आणि या चॅसिसचा मेळच तसा बसतो.

लेक्झनची हॉट रॉड बॉडी करायची इच्छा मलाही आहे, आणि ही स्टायरीनची बॉडी त्या दिशेचीच पायरी आहे. मात्र तुम्ही सुचवलंत तसं याच बॉडीवर तापलेली शीट ओढता येणार नाही. पॉलिकार्बोनेट १८० अंशांच्या आसपास तापवून साच्यावर ओढतात आणि स्टायरीन १०० अंशांनाच मऊ पडतं, म्हणजे खालची बॉडीच खचेल. आधी हिच्यावरून प्लास्टरचा साचा काढावा लागेल, कोपऱ्यांत हवा ओढायला बारीक भोकं ठेवावी लागतील, शीट आधी नीट वाळवावी लागेल, नाहीतर तिने शोषलेल्या दमटपणाचे बुडबुडे येतात.

राखाडी रंगावर मात्र मी ठाम आहे. हॉट रॉड म्हणजे चमचमत्या काळ्या गाडीवर पिवळ्या-लाल ज्वाळा, हे चित्र आपल्यापर्यंत जास्त पोहोचलं. पण ज्यांनी हे सुरू केलं ती दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं होती. म्युरॉकसारख्या वाळलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर ती गाड्या पळवायची. त्यांना वेळा मोजून देणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ ची. महायुद्धानंतर परत आलेल्यांनी याला जोर आणला, १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघालं आणि १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पहिला स्पीड वीक झाला. ही मंडळी जुने, स्वस्तात मिळणारे फोर्ड घ्यायची. ३२ च्या फोर्डला तर कमी किमतीत व्ही-८ इंजिन मिळालं होतं, तेव्हाचे ६५ अश्वशक्तीचे. वजन आणि हवेचा अडथळा कमी करायला मडगार्ड काढायचे, टप कापायचा, आणि पैसे इंजिनावर खर्च व्हायचे. रंगाला उरायचे नाहीत, म्हणून कितीतरी गाड्या नुसत्या प्रायमरवर (रंगाखालच्या अस्तरावर) फिरायच्या. तो मॅट राखाडी मी मुद्दाम निवडला. झळाळीची परंपराही तितकीच खरी आणि जुनीच आहे. देखण्या रोडस्टरला (टप नसलेल्या दोन सीटांच्या गाडीला) बक्षीस द्यायला ओकलंडच्या प्रदर्शनात १९५० मध्ये सुरुवात झाली. मला त्या गाड्याही फार आवडतात. फक्त ही गाडी त्यातली नाही.

आणि हा मॅट राखाडी तयार लेक्झन बॉडीवर तसा मिळत नाही. तिला रंग आतून देतात, त्यामुळे बाहेर प्लास्टिकचीच चमक राहते. मॅट हवा तर बाहेरचा पृष्ठभाग घासून मारावा लागतो. ज्वाळा काढायच्या तर लेक्झनवर सगळा क्रम उलटा, रबरी शिक्का उलटा कोरतात तसा : आधी बारीक कडेची रेघ, मग पिवळा, मग लाल, आणि सगळ्यात शेवटी मूळ काळा. स्टायरीनवर खऱ्या पेंटरसारखं काम करता येतं. प्रायमर मारा, लांबी भरा, ओल्या पॉलिश पेपरने घासा, हात फिरवून उंचवटा शोधा, परत मारा.

तयार बॉडी घेणाऱ्यांबद्दल मी कुठेही वाईट लिहिलेलं नाही. तामियाचा मिडनाइट पम्पकिन १९८७ चा. जुन्या फोर्ड पिकअपची बॉडी आणि फुगीर टायर असलेल्या त्या ट्रकवर कित्येकांचा जीव जडला, माझाही. पण तयार बॉडीत प्रमाण दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. टप किती खाली, जाळी किती पुढे, दरवाज्याच्या पत्र्याला किती उंची आणि काचेला किती, हे ठरवण्यातच हॉट रॉडचं सगळं काम आहे. रंग, क्रोम, स्टिकर नंतर येतात. त्यात खऱ्या रस्त्यावरच्या गाडीचा टप आपल्याकडे कापता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलांत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. ज्याला हे काम हाताने करून बघायचंय त्याच्यासाठी १/८ ची गाडी हीच जागा आहे. म्हणून हा ‘खटाटोप’ मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

नवीन मुलांबद्दल तुमची काळजी योग्य आहे, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहितो. आधी पुठ्ठ्याची बॉडी करा. चॅसिसवर ठेवा, आठवडाभर येता-जाता बघा, कात्रीने कापा, टेपने जोडा. सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) आकार बघायला चांगला, पण बाहेरचा पत्रा म्हणून नको. त्याची कड घासली की छिद्रं उघडी पडतात आणि ती बुजवण्यात सगळी लांबी संपते. स्टायरीन फेवीक्विकने चिकटवू नका, धक्क्याला तो सांधा सुटतो. मॉडेलवाल्यांचं प्लास्टिक सिमेंट घ्या, ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात चौकोनी पट्टी लावा. काम खिडकी उघडी ठेवून करा.

तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः लेक्झन शीट ओढून बॉडी बनवल्या आहेत. मला अडलंय ते बॉनेट आणि जाळीपाशी. ३२ ची जाळी खाली आत वळते, त्यामुळे साचा तिथे अडकेल असं वाटतं. जाळी वेगळी ओढून नंतर जोडावी, की साचाच दोन तुकड्यांत करावा? तुम्ही जे केलं असेल ते लिहा, फोटो असतील तर तेही टाका. प्लास्टर ओतण्याआधी मी तुमच्या उत्तराची वाट बघतो.