चोराचा दावा आणि कुंपणातली वीज

रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने माणूस दगावल्याची बातमी महाराष्ट्रातून आली, की आमच्या नातेवाइकांत वाद ठरलेला. मेलेला चोरीच्या बेताने शिरला होता असे कळले, तर बहुतेक जण विचारतात, रात्री दुसऱ्याच्या बांधावर येणाऱ्याचा कसला आलाय हक्क? इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मला अशा वेळी 'रेव्हिल विरुद्ध न्यूबेरी' हा खटला आठवतो.

डर्बीशायरमधील इल्कस्टन येथे ७६ वर्षांचे एक गृहस्थ चोऱ्या आणि नासधूस यांना कंटाळून आपल्या भाजीच्या वाफ्यावरील शेडमध्ये बंदूक जवळ घेऊन झोपत. १९८८ साली एका रात्री कोणीतरी दार फोडू लागल्याचे ऐकून त्यांनी दारातल्या भोकातून गोळी झाडली आणि बाहेरचा तरुण जखमी झाला. तरुणाला गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली, गृहस्थ फौजदारी आरोपांतून सुटले; मात्र पुढे तरुणाने भरपाईचा दावा लावला आणि जिंकला. गुन्हा करणारा म्हणून तो कायद्याच्या संरक्षणाला मुकत नाही, पण दोनतृतीयांश दोष त्याचाच, असे ठरून त्याला सुमारे ४ हजार पौंड मिळाले. लोक खवळले, आणि ते मला समजू शकते.

पुढे १९९९ मध्ये नॉरफोकमधील शेतकरी टोनी मार्टिन यांच्या गोळीने घरात घुसलेला सोळा वर्षांचा मुलगा मेला. त्याच्या जखमी साथीदाराने मार्टिन यांच्यावर भरपाईचा दावा लावल्याने पुन्हा गदारोळ उठला. २००३ च्या कायद्याने, गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्याला त्या प्रसंगी झालेल्या मारहाणीचा दावा लावण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि मालकाची कृती ढळढळीतपणे प्रमाणाबाहेर नसेल तर त्याला बचावही मिळतो. ही तरतूद मला योग्य वाटते, कारण अंधारात घाबरलेल्या माणसाने हातातली काठी किती जोराने मारावी याचे माप कोणी काढू नये.

पण लावून ठेवलेली तार घाबरत नाही, आणि समोर चोर आहे की वाट चुकलेला शेजारी हे ती पाहत नाही. माणसांसाठी सापळ्याच्या, तारेला धक्का लागताच आपोआप सुटणाऱ्या बंदुका लावण्यावर इंग्लंडने १८२७ मध्येच बंदी घातली. आपल्याकडे चेरुबिन ग्रेगरी खटल्यात हाच भेद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बिहारमधील त्या माणसाने आपल्या संडासाच्या वाटेवर उघडी वीजवाहक तार बांधली होती, आणि स्वतःच्या संडासाची भिंत पडल्यामुळे तिथे येणारी शेजारीण मेली. न्यायालयाने १९६३ मध्ये शिक्षा कायम ठेवली. विनापरवानगी आली म्हणून ती कायद्याबाहेर गेली नव्हती.

मात्र आपल्याकडे असे प्रकरण फौजदारी न्यायालयातच सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. शेतकऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो, जामीन आणि वकील यांत त्याचे घर पोखरते, आणि न्यायाधीशाने दंडातून काही देण्याचा हुकूम केला नाही तर मृताच्या विधवेला बहुतेकदा काहीच मिळत नाही. दिवाणी दाव्यात मृताचा स्वतःचा दोष वजा करून उरलेली रक्कम ठरवता येते, आणि त्यासाठी शेतकऱ्याला खुनी ठरवावे लागत नाही. अल्पभूधारकाने ती रक्कम आणायची कुठून, हा आक्षेप मात्र खरा आहे. रानडुकरांनी खाल्लेल्या पिकाची सरकारी भरपाई हंगामातच हाती पडली, तर कुंपणात थेट वीज सोडण्याऐवजी जीव न घेता नुसता झटका देणारे झटका मशीन घेणे त्याला परवडेल.