मॉरिशसला गेलेले आपले लोक आणि महाराष्ट्रात आलेले

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि जूनअखेर मागे घेतला, तेव्हापासून आमच्या गावाकडच्या ग्रुपवर परप्रांतीयांचा विषय थांबतच नाहीये. परत पाठवा, मराठी येत नसेल तर काम देऊ नका, सगळं चाललंय. मी नोकरीनिमित्त मॉरिशसला राहते, इथून हे वाचून राहवलं नाही.

इथे राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे, करारावर आणलेले मजूर बोटीतून उतरायचे ती जागा. 1835 मध्ये गुलामी बंद होणार होती, ऊसमळेवाल्यांना स्वस्तात राबणारी माणसं हवी होती, म्हणून 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती, पुढे असे सुमारे साडेचार लाख आले. जास्त करून बिहारकडचे, मग मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरातून बोटीत चढलेले आपले रत्नागिरी, साताऱ्याचे. पाच वर्षांचा करार, गड्याला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ-डाळ. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायचे! मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची रजिस्टरं जपून ठेवलीत. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलंय, आणि तेच स्पेलिंग आज नातवंडा-पतवंडांच्या पासपोर्टवर आहे.

ही पतवंडं घरात क्रिओल बोलतात, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली इथली बोली. मळ्यात, दुकानात, शेजारीपाजारी तीच चालायची म्हणून ती आली, त्यासाठी कुणी कुणाच्या थोबाडीत मारली नव्हती. आणि तरी गणेश चतुर्थीला इथे अख्ख्या देशाला सुट्टी असते, सरकारी शाळेत मराठी विषय घेता येतो, शिक्षकाचा पगार सरकार देतं. मराठी माणसं इथे मूठभर, तरी देतं.

आता आपल्याकडे बघा. मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा कोकणातून, घाटावरून जे चाकरमानी गेले त्यांनाही गावात पोट भरेना म्हणूनच जावं लागलं होतं ना? आज गोरखपूर किंवा दरभंग्याहून येणारा माणूस वेगळ्या कशासाठी येतो? त्याला मराठी यायलाच हवी, यात माझं दुमत नाही, भाषेवर माझा जीव आहे. पण तो शिकणार कुठे? भिवंडीत, वसई-विरारमध्ये रात्री कामावरून सुटलेल्या माणसाला बोलकी मराठी शिकवणारा वर्ग किती वॉर्डांत सापडतो? आणि त्याच्या मुलांनी ज्या शाळेत जाऊन मराठी व्हावं त्या पालिकेच्या मराठी शाळा तर मुंबईत एकेक करून बंद पडतायत, त्यावर ग्रुपवर एक मेसेज येत नाही.

भाजीवाल्याला धरून व्हिडिओ काढण्यापेक्षा आपल्या नगरसेवकाला धरा. वॉर्डातली मराठी शाळा चालू ठेव म्हणावं, आणि तिथेच संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग सुरू कर, फुकट.