लाल झालं म्हणून दगडफूल विषारी ठरत नाही

पावसाळा सरत आला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: जांभ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर), देवळाच्या पायऱ्यांवर येणारं राखाडी दगडफूल म्हणजे वाळलेलं शेवाळ. ते दगड खातं. त्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाका. लाल झालं तर विषारी, घासून काढा. नाही झालं तर मसाल्याला चालेल. या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलो, कारण त्यावर विसंबून कुणीतरी ते खरोखर खाईल.

शेवाळाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. दगडफूल म्हणजे नुसतं शेवाळ नव्हे; तो बुरशी आणि शैवाल (सूक्ष्म हिरवे जीव) यांचा एकत्र संसार आहे; काही जातींत शैवालाच्या जागी नील-हरित जिवाणू असतात. १८६७ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी हे मांडलं. आजही जातीला मिळणारं शास्त्रीय नाव त्यातल्या बुरशीचं असतं.

आता लाल रंग. पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही पश्चिम घाटात झाडांवर आणि खडकांवर वाढणारी जात घ्या. रुंद, राखाडी पाळ्या, वर बारीक खरखरीत कण, खालची बाजू मध्यभागी काळी, कडेला तपकिरी. ब्लेडने वरची साल हलकेच खरवडली की आत पांढरा, कापसासारखा थर दिसतो. तिथे ब्लीचचा थेंब टेकवला की तो क्षणात लाल होतो आणि थोड्या वेळात फिकटतो. त्या थरातलं लेकॅनोरिक आम्ल ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटशी अभिक्रिया करतं, एवढाच त्याचा अर्थ. फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम निलँडर यांनी १८६६ मध्ये ही चाचणी आणली ती जाती ओळखण्यासाठी. (श्वेंडेनर यांचं म्हणणं मात्र त्यांनी अखेरपर्यंत मानलं नाही.)

लाल न होणं म्हणजे निर्धोक, हे तर साफ खोटं. युरोप-अमेरिकेतलं पिवळंधमक लेथारिया व्हल्पिना ब्लीचने लाल होत नाही, पण त्यातल्या व्हल्पिनिक आम्लामुळे ते लांडगे मारायला वापरत. शिवाय दगडफूल हवेतले जड धातू साठवतं. खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याकडेच्या गडग्यावरचं दगडफूल खाण्याजोगं आहे का, हे कुठलाही रंग सांगणार नाही.

‘दगडफूल’ या एका नावाखाली बऱ्याच जाती येतात, हेही मेसेज विसरतो. मसाल्यात जाणाऱ्या पार्मोट्रेमा पर्लाटमच्या कडांवर पिठूळ भुकटी आणि काळे केस असतात. त्यात लेकॅनोरिक नव्हे, स्टिक्टिक आम्ल असतं. ब्लीचने त्याचा आतला पांढरा थर लाल होत नाही, पोटॅशच्या द्रावणाने पिवळा होतो. ठेवण, रसायन आणि आता डीएनए, तिन्ही पाहूनच जात ठरते.

दगड खाण्याच्या आरोपात तथ्य आहे, पण थोडं. बुरशीचे तंतू दगडाच्या कणांमध्ये शिरतात, काही जाती ऑक्झॅलिक आम्लही सोडतात. हे काम फार संथ चालतं. तारेच्या ब्रशने मात्र जांभ्याचे कण एका दुपारीत सुटून येतात, आणि ब्लीचिंग पावडरचे क्षार त्याच्या छिद्रांत मुरून पुढे पापुद्रे काढतात. वास्तू संरक्षित असेल तर तिला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं. पावसात पायरीवरून पाय सरकतो तो बहुधा हिरव्या शेवाळामुळे. त्याला पाणी आणि माडाच्या हिरांची झाडणी पुरते.