एफपीएस वाढत नाही, मग यूपीएस कशाला?

भाऊ, सविस्तर लिहिलंत, बरं केलं. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे डेल ऑप्टिप्लेक्स ७०२० चा टॉवर आहे. त्यात आय-५ ४५७०, ८ जीबीची एकच रॅम आणि जुनी हार्डडिस्क. खिशात १५ हजार, आणि गेममध्ये एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, वाढवायचीय. मी त्यातले ३ हजार यूपीएसला, अडीच हजार एसएसडीला आणि काही साफसफाईला सांगितले, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० सुचवलं, तर तुम्ही लिहिता, ‘हा नवरदेव सोडून वरातीवर खर्च झाला. यूपीएसनं एक एफपीएस वाढत नाही. त्यापेक्षा सेकंडहँड आरएक्स ५८० घ्या, साटा ते ८ पिन कन्व्हर्टर लावा, विषय संपला.’

विषय तिथं संपत नाही, कन्व्हर्टर संपतो.

आधी तुमचं खरं आहे ते मान्य करतो. आरएक्स ५८० हे जीटीएक्स १६५० पेक्षा वेगवान कार्ड आहे, त्यात वाद नाही. ८ जीबीचं मिळालं तर टेक्स्चर (चित्रातला बारकावा) हाय ठेवता येतात, १६५० च्या ४ जीबीत ते जमत नाही. एसएसडीनं सरासरी एफपीएस वाढत नाही, हेही खरं. अडचण कार्डाची नाही, ते तुमच्या डब्यात कसं चालवायचं याची आहे.

गणित करून पाहू. ४५७० प्रोसेसर ८४ वॅटचा, आरएक्स ५८० हे १८५ वॅटचं. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे, यूएसबी मिळून ४५ धरा. झाले ३१४ वॅट. तुमच्या टॉवरचा मूळ एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, २९० वॅटचा आहे. शिवाय हे सरासरीचे आकडे आहेत, गेममध्ये कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त ओढतं. म्हणजे मेनू उघडेपर्यंत सगळं छान, आणि मारामारी सुरू झाली की संगणक धाडकन बंद. लोक मग विंडोज पुन्हा टाकत बसतात.

आता तो कन्व्हर्टर. तो डिस्कसाठीच्या साटा वायरीतली वीज कार्डाच्या ८ पिनच्या सॉकेटला देतो. साटा पॉवरच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. तीनांचे साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ८ पिनचं सॉकेट १५० वॅटसाठी असतं, आणि ५८० त्यातून सहज १२० वॅट ओढतं. दोन साटा जोडून एक ८ पिन करणारी वायर घेतली तरी १०८ वॅटच होतात. आधी प्लास्टिकची पिन पिवळी पडते, मग मऊ होते, मग वास येतो. साच्यात ओतून केलेल्या स्वस्त पिना आतल्या आत शॉर्ट होतात, तेव्हा सोबत डिस्कही जाऊ शकते. ही वायर १५० रुपयांत मिळते म्हणून ती वापरायची असते असं नाही.

५८० च हवं असेल तर रीतसर करा. चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस घ्या, साधारण ३ हजारांच्या आसपास. लेबलवर ‘४५० वॅट’ पाहू नका, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहा आणि त्याला १२ नं गुणा. ३० अँपिअरच्या पुढे असेल तर ठीक. लोकल डब्यावर ४५० छापलेलं असतं आणि १२ व्होल्टला १४ अँपिअर, म्हणजे खरे १६८ वॅट. त्यापेक्षा डेलचा जुना २९० परवडला. दुसरी गोष्ट, या ऑप्टिप्लेक्सच्या बोर्डाला नेहमीची २४ पिन बसत नाही, डेलची स्वतःची ८ पिन आहे. २४ ते ८ पिनचा ॲडॉप्टर ऑनलाइन मागवावा लागेल, तालुक्याच्या दुकानात बहुधा मिळणार नाही. आणि कार्ड घेण्याआधी टेप लावून आतली जागा मोजा. दोन पंख्यांची लांब कार्डं हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडू शकतात.

म्हणजे कार्ड ७ हजार, एसएमपीएस ३ हजार, ॲडॉप्टर ५०० च्या आसपास. साडेदहा झाले. तुमचा बेत बसतो, नाही म्हणत नाही. पण मग उरलेल्या साडेचार हजारांत यूपीएस किंवा एसएसडी, दोन्ही नाही. याउलट १६५० हे ७५ वॅटचं कार्ड. ८४, ७५ आणि ४५ मिळून २०४. जुना एसएमपीएस तसाच चालतो, वायर नाही, ॲडॉप्टर नाही. फक्त घेताना पाहा, काही १६५० वर ६ पिनचं सॉकेट असतं, ती आपल्या कामाची नाहीत.

दुकानदार १०५० टीआय किंवा १०६० ही एनव्हिडियाची जुनी कार्डं स्वस्तात दाखवतील. त्या पिढीला एनव्हिडियानं गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठीचं सॉफ्टवेअर) देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. १६५० त्यात येत नाही. ५८० च्या पिढीलाही एएमडीनं २०२३ च्या अखेरीस मुख्य ड्रायव्हरपासून वेगळं काढलंय. जुने गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही, नवे खेळणाऱ्याला पडतो.

आता यूपीएस. इथं तुम्ही पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून बोलताय असं वाटलं, राग मानू नका. जिथं गावठाण आणि शेती एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे, तिथं रब्बीत चणा-गव्हाच्या ओलितासाठी मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा पिवळा पडतो, व्होल्टेज १६०-१७० वर येतं. तुमच्या डेलच्या एसएमपीएसवर ‘इनपुट १००-२४०’ लिहिलं असेल तर नुसत्या डिम लाइनीनं त्याचं काही बिघडत नाही. ‘२००-२४०’ लिहिलेला किंवा मागे व्होल्टेज निवडायचं लाल बटन असलेला स्वस्त एसएमपीएस मात्र १६० ला कसाबसा तग धरतो. त्याच्या मोठ्या कपॅसिटरमधला विजेचा साठा व्होल्टेजच्या वर्गावर (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) अवलंबून असतो, त्यामुळे २३० च्या तुलनेत तो निम्म्याहून कमी राहतो. मग ट्यूबलाइट नुसती मिचकली तरी संगणक रीस्टार्ट.

त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणं. पावसाळ्याआधीच्या वादळात डीपीवरची न्यूट्रल सुटली की घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, आणि आळीतले टीव्ही, चार्जर, पंखे एकाच वेळी जातात. यूपीएस वाटेत असला तर बहुधा आधी तो जळतो आणि मागचं वाचायची शक्यता वाढते. वीज कडाडत असेल तेव्हा मात्र यूपीएसच्या भरवशावर राहू नका. प्लग काढा, आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा.

६०० व्हीएचा साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर सावरून घेणारा) यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. १६५० आणि मॉनिटर धरून आपलं ओझं २३० च्या आत आहे. बॅकअप काही मिनिटांचाच, पण गेम सेव्ह करून नीट शटडाउन करायला तेवढा पुरतो. लेबलवर इनपुटची रेंज १४५ ते २९० च्या आसपास असावी. १८० पासून सुरू होणारा घेतलात तर संध्याकाळभर तो टकटक करत बॅटरीवर जाईल आणि वर्षभरात बॅटरी बसेल.

घरी इन्व्हर्टर असेल तर माझे ३ हजार वाचले, ते खुशाल कार्डात घाला. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि इको किंवा नॉर्मल मोड असं बटन असतं. इको मोडमध्ये लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला जास्त वेळ लागतो, तोवर संगणक बंद पडतो. यूपीएस मोडला ठेवा. पण त्या मोडमध्ये १८० च्या खाली लाइन आली की इन्व्हर्टर सरळ बॅटरीवर जातो, म्हणून रोज डिम लाइन असणाऱ्या गावात बॅटरीच्या पाण्याकडे लक्ष ठेवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज एकसारखी ओढण्याची सोय असलेला) एसएमपीएस त्यावर घोंगावतो, कधी बंदही पडतो. साइन वेव्हवर हा त्रास नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असंही तुम्ही ओघात लिहिलंय. ती किरकोळ गोष्ट नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगतं. करंट अगदी थोडा असतो, पण कार्ड, रॅम किंवा एचडीएमआयची वायर चालू संगणकात लावली तर पोर्ट उडायला तो पुरेसा आहे. आपल्याकडे अर्थिंग केलेलं असूनही उन्हाळ्यात काम करत नाही, कारण काळी माती भेगाळते आणि सळीला सोडते. मार्चपासून खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. तरी झिणझिण्या गेल्या नाहीत तर वायरमनला बोलवा. सॉकेटची तिसरी पिन नुसती शोभेची असते असंही बऱ्याच घरांत आढळेल.

उष्णतेकडे येतो, कारण ‘साफसफाईनं काय होतं’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात खटकलं. खोलीचं तापमान जितकं वाढतं, तितकंच साधारण चिपचं वाढतं. डिसेंबरात खोली २५ अंश आणि प्रोसेसर ७५ असेल, तर मे महिन्यात खोली ४२ झाली की तोच प्रोसेसर ९२. अकोला, वर्धा, चंद्रपूरला बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाखालच्या खोलीत आतही फार वेगळं नसतं. चौथ्या पिढीचा आय-५ शंभरीजवळ पोचला की स्वतःच वेग कमी करतो. दिवाळीत ६० एफपीएस देणारा गेम मे महिन्यात ३५ वर अडखळतो तो यामुळे. नवं कार्ड टाकलं तर त्याची उष्णताही त्याच डब्यात राहणार. ५८० असेल तर १८५ वॅट, आणि ऑप्टिप्लेक्सला मागे हवा बाहेर टाकणारा पंखा एकच.

त्यात आपल्याकडची खास भर म्हणजे कापूस. भाव येईपर्यंत खोलीत साठवलेल्या कापसाचे तंतू पंख्यातून ओढले जातात आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर नमद्यासारखा थर धरतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो. पंखा उचलल्याशिवाय तो थर दिसत नाही आणि नुसत्या फुंकरीनं निघत नाही.

प्लग काढा, पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा. हीटसिंकचे चारही स्क्रू तिरप्या क्रमानं थोडे थोडे ढिले करा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट सुकून चिकटलेली असेल तर सरळ वर ओढू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. संगणक आधी दहा मिनिटं चालवून घेतला की पेस्ट मऊ होते. तंतूंचा थर जुन्या टूथब्रशनं आणि चिमट्यानं काढा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू दिलं तर बेअरिंग जातं. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर नको, त्याच्या टाकीत पाणी असतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवा, हातानं पसरवू नका. स्क्रू पुन्हा तिरप्या क्रमानं कसा. सगळा खर्च ३०० रुपये, आणि पाती तुंबलेली असतील तर १५-२० अंशांचा फरक पडू शकतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा.

कूलरच्या समोर संगणक ठेवू नका. जुन्या ताट्यांतून तुषार उडतात, आणि खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल तर ते वाळून बोर्डावर पांढरे क्षार उरतात. कूलर खोलीसाठी राहू द्या, संगणक त्याच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे.

रॅमबद्दल तुम्ही ‘८ ची काढून १६ ची एकच टाका’ म्हणता. नको. आहे त्या ८ च्या जोडीला तशीच दुसरी ८ ची डीडीआर३ १६०० घ्या. एका चॅनेलवर सेकंदाला १२.८ जीबी, दोन चॅनेलवर २५.६. कार्ड येईपर्यंत प्रोसेसरमधल्याच एचडी ४६०० ग्राफिक्सवर खेळणार असाल तर हा फरक लगेच दिसतो, कारण ते रॅममधूनच काम चालवतं. दोन्ही पांढऱ्या क्लिपच्या खाचांत बसवा, सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये ‘ड्युअल’ दिसलं पाहिजे.

एसएसडी एफपीएससाठी नाही, खेळताना बसणारे झटके कमी करण्यासाठी आहे. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता डिस्कवरून यावा लागतो. जुनी हार्डडिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, तीही सलग वाचताना. साटा एसएसडी पाचशेच्या पुढे. तुमच्या बोर्डावर एम डॉट २ ची (थेट बोर्डावर बसणाऱ्या एसएसडीची) खाच नाही, अडीच इंची साटाच घ्या. २५६ जीबीत विंडोज आणि एखाद-दोन गेम राहतात, बाकी हार्डडिस्कवर.

कार्ड विकत घेताना दुकानातच जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून पाहा. जुन्या कार्डाचं बायोस (आतलं सॉफ्टवेअर) बदलून १०५० टीआय म्हणून विकतात, त्यावर तो प्रोग्राम ‘फेक’ असं दाखवतो. ५८० च्या नावाखाली २०४८ शेडरवाली, म्हणजे कमी ताकदीची, आवृत्तीही खपवतात, खऱ्यात २३०४ असतात. फरमार्क हा कार्डावर ताण देणारा प्रोग्राम १५ मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके-चौकटी आल्या किंवा विक्रेता ‘वेळ नाही’ म्हणाला तर निघा. नागपुरात सीताबर्डीला जाऊन घेणार असाल तर आपला संगणक सोबत न्यायला लाजू नका.

आणि मॉनिटर. तुमचा जुना असेल तर त्याला फक्त व्हीजीए असेल, या दोन्ही कार्डांवर ते पोर्ट नसतं. एचडीएमआय ते व्हीजीए ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल, ३०० रुपये. तो मॉनिटर ६० हर्ट्झचा असणार, तेव्हा ५८० नं ९० एफपीएस काढले तरी पडद्यावर ६० च दिसतील. सेटिंगमध्ये ६० ला मर्यादा घाला, कार्ड थंड राहतं. वायर कार्डात लावा, बोर्डाच्या पोर्टात नाही.

तुमचा निर्णय अजून ५८० कडेच असेल तर तीन गोष्टी कळवा. एसएमपीएसच्या लेबलवरचा इनपुटचा आकडा, कॅबिनेटच्या आतली लांबी, आणि संध्याकाळी सात वाजता सॉकेटवर मल्टीमीटर किती दाखवतो ते. इन्व्हर्टर असेल तर त्याचं मॉडेलही लिहा, मग यूपीएसचे ३ हजार कुठं वळवायचे ते ठरवता येईल.