टेंडर ऑनलाइन, मग देणगीने काय बिघडतं?

नागपुरातल्या धरमपेठेतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर चौथ्यांदा आला: ‘सरकारी कंत्राटदारांच्या राजकीय देणग्यांवर मर्यादा नको. टेंडर आता ऑनलाइन असतं, पैसा त्यांच्या घामाचा, देणगी हा त्यांचा हक्क. बंदी घातली तर तोच पैसा काळा होईल.’

आधी टेंडरचं. ऑनलाइन उघडतात ते दर. त्याआधी अटी माणूसच लिहितो: अमुक उलाढाल हवी, अमुक प्लांट स्वतःचा हवा. एका अटीत निम्मे स्पर्धक गळतात. वर्क ऑर्डर निघाल्यावर तर सगळा माणसांचाच कारभार. झालेल्या कामाची नोंद करायच्या मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची जाडी किती लिहायची, मुदतवाढ दंडासह की दंडाविना, बिल दिवाळीआधी काढायचं की नंतर. आमच्या गल्लीतला सिमेंट रस्ता ओट्याच्या वर चढला आणि पहिल्याच पावसात पाणी बैठकीत शिरलं. त्यात देणगीचा हात होता असं मी म्हणत नाही. पण रस्त्याची उंची पोर्टल ठरवत नाही, एवढं नक्की.

घामाचा पैसा म्हणाल, तर आपला कायदाच गमतीचा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९-अ नुसार सरकारी कामाचं कंत्राट चालू असलेल्याला त्या सरकारच्या सभागृहाची निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे स्वतः उभं राहायचं नाही, उभं करणाऱ्या पक्षाला मात्र खुशाल पैसे द्यायचे! कंपनी कायद्याचं कलम १८२ सरकारी कंपन्यांना आणि तीन वर्षं न झालेल्या कंपन्यांना देणगी देऊ देत नाही. कंत्राटदारांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

हक्काचं थोडक्यात: अमेरिकेत संघीय कंत्राटदारांच्या देणग्यांवर १९४० पासून बंदी आहे. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती एकमताने कायम ठेवली.

काळ्या पैशाची भीती मात्र खोटी नाही. रोख थैल्या बंदीने थांबणार नाहीत. पण ‘पांढऱ्या’चा प्रयोगही आपण केलाच की. बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायच्या निवडणूक रोख्यांत देणगीदार झाकलेलाच राहिला, तो १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने योजना रद्द करेपर्यंत. मार्चमध्ये रोखे घेणाऱ्यांची यादी आली, तर दुसऱ्या क्रमांकाची खरेदीदार निघाली ९६६ कोटींचे रोखे घेणारी, मोठी सरकारी कामं करणारी हैदराबादची कंपनी. रोख्यांमुळेच कामं मिळाली, हे यादीवरून सिद्ध होत नाही. आज कंत्राटदाराने नुसती देणगी दिली म्हणून जाब विचारायला कायद्यात जागा नाही. बंदी असती, तर टेंडरमध्ये दुसरा आलेला कंत्राटदार देणगीची हीच नोंद घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेला असता.